तोरेसच्या वाटेने बडोद्यात घडलेली गिटार

स्पेनमधील जुन्या पद्धतीने गिटार घडवणारा कारागीर कामाला तबलीपासून, म्हणजे आवाज देणाऱ्या दर्शनी पातळ फळ्यापासून, सुरुवात करतो आणि पाठ अगदी शेवटी लावतो. व्हायोलिन करणारे बाजूंचा सांगाडा साच्यावर आधी उभा करतात आणि वरचा-खालचा फळा त्यावर नंतर चिकटवतात. स्पॅनिश परंपरेत तबली पालथी ठेवून तिच्यावर दांडी बसवली जाते, दांडीच्या टाचेत कापलेल्या खाचांमध्ये वाकवलेल्या बाजू सरकवल्या जातात आणि वाद्य दर्शनी फळ्यापासून मागे मागे वाढत जाते. या क्रमाचा मोठा लाभ असा की पाठ लागेपर्यंत कारागिराचा हात तबलीच्या आतल्या अंगाला पोचू शकतो, आणि गिटारीचा आवाज ठरवणारे बहुतेक निर्णय या उघड्या अवस्थेतच घेता येतात.

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या घराच्या मागच्या पडवीत माझ्या मामेभावाने, म्हणजे आमच्या अण्णांनी, याच पद्धतीने केलेली एक गिटार आता माझ्याकडे आहे. अण्णांचे आयुष्य सतारी आणि तंबोरे दुरुस्त करण्यात गेले, तर मी शाळेत असल्यापासून पाश्चात्त्य अभिजात गिटार वाजवत आले. या वाद्याच्या घडणीत लाकूड निवडण्यापासून पॉलिशपर्यंत मी त्यांच्या शेजारी होते. ते काम जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की एकोणिसाव्या शतकातील स्पॅनिश पद्धतीला पुराणवस्तूसारखी जपण्यात तिचे मोल कमी होते. ती विचारपूर्वक बांधलेली कार्यपद्धती आहे, आणि बडोद्यासारख्या टोकाच्या हवेच्या शहरात तिच्यातील प्रत्येक पायरीला स्वतःचे कारण आहे. हे मत मी या लेखात सविस्तर मांडणार आहे.

या पद्धतीशी जोडलेले सर्वांत मोठे नाव आन्तोनियो दे तोरेस हुरादो यांचे. त्यांचा जन्म १८१७ साली आल्मेरियाजवळ झाला. सुतारकाम शिकलेले तोरेस पुढे सेव्हिलमध्ये स्थायिक झाले, १८५८ साली तेथील प्रदर्शनात त्यांच्या गिटारीला कांस्यपदक मिळाले, आणि १८७० च्या सुमारास ते आल्मेरियाला परतले. तेथे त्यांनी चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान काढले आणि काही वर्षांनी दुकान सांभाळत पुन्हा गिटारी करायला घेतल्या. १८९२ साली त्यांचे निधन झाले. त्याच्या दोनच वर्षे आधी आपल्या बडोद्यात महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या काळात कलाभवन सुरू झाले होते, आणि त्याही आधी, १८८६ साली, गायक मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली येथील गायनशाळा उघडली होती. हातकाम आणि संगीत यांचे शिक्षण सार्वजनिक व्हावे हा विचार या गावात जेव्हा मूळ धरत होता, तेव्हा तिकडे तोरेस आपली शेवटची वाद्ये घडवत होते, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

तोरेस यांनी आधुनिक गिटारीचा शोध लावला असे सर्रास लिहिले जाते. ते मला पटत नाही. तबलीच्या आत पंख्याच्या काड्यांसारख्या पसरणाऱ्या आधारपट्ट्या हे त्यांचे वैशिष्ट्य मानले जाते, पण अशा पट्ट्या सेव्हिलचे फ्रान्सिस्को सांगिनो आणि कादिझचे होसे पाखेस यांनी अठराव्या शतकातच वापरल्या होत्या. तोरेस यांचे श्रेय वेगळे आहे. त्यांनी वाद्याचा आकार वाढवला, तबली पातळ केली, तिला हलकासा घुमटाकार फुगवटा दिला, सात पट्ट्यांची रचना नेमकी बसवली आणि तारेची लांबी ६५० मिलिमीटरच्या आसपास स्थिर केली. इतरांनी सुटे सुटे वापरलेले हे सगळे घटक त्यांनी असे एकत्र जुळवले की पुढच्या जवळजवळ प्रत्येक अभिजात गिटारीने तोच आराखडा आधाराला घेतला. आवाजाची मुख्य जबाबदारी तबलीची असते हे दाखवण्यासाठी त्यांनी १८६२ साली पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याच्या केल्या आणि तबली तेवढी लाकडाची ठेवली. ते वाद्य आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. फ्रान्सिस्को तारेगा यांच्यासारख्या वादकाने तोरेस यांची १८६४ सालची गिटार दीर्घकाळ वाजवली, आणि त्या वादनामुळे हा आराखडा स्पेनभर पोचला.

आमच्या गिटारीत आम्ही या आराखड्याची प्रेरणा घेतली, हुबेहूब प्रतिकृती मात्र केली नाही. लांबी ६५० मिलिमीटर, सात पट्ट्या आणि त्यांच्या खालच्या टोकाला दोन तिरक्या पट्ट्या, बाराव्या पडद्याशी (दांडीवर ठोकलेल्या आडव्या धातूच्या पट्टीशी) दांडी आणि अंग यांचा सांधा, इतके तोरेस यांच्याप्रमाणे ठेवले. ते काही वाद्यांत आवाजाच्या छिद्रामागे धातूची नळी बसवत. ती आम्ही घेतली नाही, कारण तिने वजन वाढते आणि पुढे आत हात घालून दुरुस्ती करणे अवघड होते. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने घडवलेल्या वाद्यात हा विचार येणे स्वाभाविक होते.

लाकडाची हकीकत मला फार जिव्हाळ्याची वाटते, कारण स्पॅनिश गिटारीचा बराचसा भाग आता भारतातूनच जातो. तोरेस यांच्या काळी पाठ आणि बाजूंसाठी ब्राझीलची शिसवी, मेपल किंवा सायप्रस वापरत. ब्राझीलच्या शिसवीचा पुरवठा आटत गेल्यावर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून स्पेनमधील कारागीर भारतीय शिसवीकडे वळले, आणि १९९२ साली ब्राझीलच्या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आल्यावर तर आपल्याकडची शिसवी हेच जगभरच्या गिटारींचे नेहमीचे लाकूड ठरले. आमच्या गिटारीची पाठ आणि बाजू अशा शिसवीच्या आहेत. तो फळा अण्णांनी काही वर्षांपूर्वी इथल्याच एका लातीतून (लाकडाच्या वखारीतून) घेऊन माळ्यावर मुरत ठेवला होता. दांडीसाठी स्पेनमध्ये ज्याला सेद्रो म्हणतात ते अमेरिका खंडातले लाकूड वापरतात. आपल्याकडचा तून त्याचा इतका जवळचा नातलग आहे की वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी दोघांना एकाच प्रजातिनामाखाली मोजत. सतार आणि तंबोऱ्याला तून वापरण्याची आपली परंपरा जुनी आहे. अण्णा तरुणपणी मिरजेत हे काम शिकले होते, त्यामुळे दांडीला तून घ्यायचा हे त्यांनी फारसा विचार न करताच ठरवले. (मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही या निमित्ताने आवर्जून नोंदवण्याजोगी आनंदाची गोष्ट.) तबलीचे लाकूड, म्हणजे स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे, मात्र युरोपातून मागवावे लागले. हिमालयात स्प्रूसची एक जात वाढते, पण वाद्यासाठी योग्य रीतीने चिरलेले आणि पुरेसे मुरलेले असे ते आम्हाला मिळाले नाही.

स्प्रूस चिरण्याची रीत महत्त्वाची असते. ओंडक्याच्या गाभ्यापासून बाहेरच्या दिशेने पाचरी निघतील असा तो फोडतात, म्हणजे फळीत वाढीच्या रेघा उभ्या आणि जवळजवळ समांतर येतात. अशी एक फळी मधोमध चिरून तिचे दोन पातळ भाग पुस्तकासारखे उघडले की तबलीचे दोन अर्ध मिळतात. स्प्रूस रेघांच्या दिशेने जितका ताठ असतो त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी ताठपणा त्याला आडव्या दिशेने असतो. तबली लांबीच्या दिशेने ताण पेलते आणि रुंदीच्या दिशेने सहज हलते, ती या गुणामुळेच.

आता तासण्याविषयी लिहिते, कारण माझ्या मते गिटार खरी घडते ती या टप्प्यावर. फळ्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी दहा टक्के कमी केली तर वजन दहा टक्केच घटते, पण ताठपणा सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरतो. म्हणून अडीच मिलिमीटरच्या खाली आल्यावर रंध्याची एकेक पातळ सालही हिशेबात धरावी लागते. आमच्या तबलीची जाडी मध्यभागी २.३ मिलिमीटर आणि कडेला दोनच्या जवळपास आहे. पण हे आकडे दुसऱ्या फळीला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, कारण एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या ताठ नसतात. मी डायल गेज (जाडी मोजण्याचे साधन) घेऊन जागोजागी मापे मोजत होते, तेव्हा अण्णा म्हणाले, “अगं, ते माप कुठे थांबून दाबून बघायचे एवढेच सांगते. दाबायला अंगठाच लागतो.” तोरेस यांच्या ओळखीच्या एका धर्मगुरूने पुढे लिहून ठेवलेल्या आठवणीतही हेच आहे: तुमचे गुपित तुमच्याबरोबर जाऊ देऊ नका, असे म्हटल्यावर तोरेस यांनी उत्तर दिले की ते गुपित आपल्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांत आहे, त्यामुळे मागे ठेवून जाता येण्यासारखे नाही. आल्मेरियाच्या आणि बडोद्याच्या दोन कारागिरांच्या तोंडी एकच गोष्ट यावी यात मला योगायोग वाटत नाही. पातळ फळ्याचा ताठपणा आणि हलकेपणा एकाच वेळी अजमावणारे हाताइतके जलद साधन त्या पडवीत दुसरे कोणते नव्हते, आणि तोरेस यांच्या दुकानातही नसणार.

या ठिकाणी सतार आणि गिटार यांच्यातला मूलभूत फरकही अण्णांना नव्याने समजून घ्यावा लागला. सतारीच्या तारा घोडीवरून, म्हणजे तबलीवरच्या तारांच्या टेकूवरून, पलीकडे जाऊन खालच्या टोकाला अडकवलेल्या असतात, त्यामुळे घोडी तबलीवर सरळ खाली दाब देते. गिटारीच्या तारा घोडीलाच बांधलेल्या असतात आणि घोडी तबलीला चिकटवलेली असते. सहा तारांचा मिळून सुमारे चाळीस किलोचा ओढा घोडीला पुढे कलंडवू पाहतो, त्यामुळे घोडीच्या पुढचा भाग दबतो आणि मागचा वर उचलला जातो. पंख्यासारख्या पट्ट्या हा पीळ पेलण्यासाठी असतात. त्या जाड केल्या तर तबली जखडते आणि आवाज कोता होतो, फार बारीक केल्या तर काही वर्षांत तबली बसते. अण्णांनी पट्ट्या आधी उंच ठेवल्या आणि चिकटवल्यानंतर पटाशीने दोन्ही टोकांकडे उतरत्या केल्या. ते थोडे तासायचे, टकटक वाजवून ऐकायचे, पुन्हा थोडे तासायचे. पाठ उघडी असल्यामुळेच हे शक्य होते.

तबलीचा फुगवटा सोलेरा नावाच्या फळ्यावर येतो. हा गिटारीच्या आकाराचा जाड फळा असतो आणि त्याचा मधला भाग दोन-तीन मिलिमीटर खोलगट कोरलेला असतो. त्यात तबली पालथी दाबून पट्ट्या चिकटवल्या की ती घुमटाचा आकार धरून ठेवते. बाजू आणि तबली यांचा जोड एका सलग पट्टीने न करता सुट्या छोट्या ठोकळ्यांनी करतात. स्पॅनिश कारागीर त्यांना पेओनेस म्हणतात. एकेक ठोकळा सरस लावून बोटांनी काही क्षण दाबून धरला की तो जागीच बसतो. हे काम कंटाळवाणे दिसते, पण त्यात मोठा गुण आहे: बाजू साच्यात बळजबरीने न आवळता ती ज्या वळणाने सहज उभी राहते त्या वळणात जोडली जाते, आणि वाद्यात कोंडलेला ताण राहत नाही.

सरस म्हणजे जनावराच्या कातड्यापासून केलेला, गरम पाण्याच्या भांड्यात साठ अंश सेल्सियसच्या जवळपास तापवून लावायचा तोच जुना सरस, जो सतारीच्या कामात अजूनही वापरतात. तो वाळल्यावर कडक होतो, सांध्यात लवचीक थर ठेवत नाही, आणि पुढे कधी गरज पडली तर उष्णता व ओलावा देऊन सांधा पुन्हा उघडता येतो. अण्णांनी या बाबतीत दुसरा कोणताही पर्याय ऐकून घेतला नाही, आणि ते योग्यच होते.

सरसाचा विषय निघाला की बडोद्याच्या हवेचा विषय टाळता येत नाही. ऐन पावसाळ्यात येथील हवेची आर्द्रता कित्येक दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते, आणि वैशाखात पारा चाळीसच्या पुढे गेला की दुपारची हवा पार कोरडी पडते. लाकूड रेघांना आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. तबलीच्या रेघा उभ्या आणि तिच्या आतल्या मुख्य आडव्या पट्ट्यांच्या रेघा आडव्या, अशा दोन वेगळ्या स्वभावांची लाकडे एकमेकांना कायमची चिकटलेली असतात. दमट हवेत फुगलेल्या तबलीला पट्ट्या लावल्या तर उन्हाळ्यात ती आकसू पाहते, पट्ट्या तिला आकसू देत नाहीत, आणि ती तडकते. अगदी कोरड्या दिवसात लावल्या तर पावसाळ्यात ती वर फुगते आणि तारा पडद्यांपासून उंच जातात. यावर उपाय एकच: हवेची आर्द्रता पंचेचाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हाच तबली आणि पाठ यांचे पट्ट्यांचे काम करायचे. आमच्याकडे आर्द्रता नियंत्रित करणारी खोली नव्हती, म्हणून अण्णांनी पंचांग आणि आर्द्रतामापक दोन्ही समोर ठेवून कामाची आखणी केली. पावसाळ्यात खुंट्यांची मुंडी, दांडी आणि छिद्राभोवतीच्या नक्षीचे बारीक तुकडे झाले, आणि पट्ट्या चिकटवण्याचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या पण मवाळ दिवसांसाठी राखून ठेवले. वर्षभर सारखेच उत्पादन काढणाऱ्या कारखान्याला असे थांबता येत नाही. हाताने एकच वाद्य करणाऱ्याला थांबता येते, आणि हवामानाच्या बाबतीत मला हा त्याचा सर्वांत मोठा फायदा वाटतो.

बाजू वाकवण्याचे काम तुलनेने लवकर उरकले. तापवलेल्या लोखंडी नळीवर ओलसर केलेली दोन मिलिमीटर जाडीची शिसवीची पट्टी हळूहळू फिरवत कमरेचा आणि दोन्ही फुगवट्यांचा आकार दिला. तापलेल्या शिसवीला जो गोडसर वास येतो तो शेजारच्या दोन घरांपर्यंत पोचला होता.

पडद्यांच्या जागा हा माझा प्रांत होता. प्रत्येक पडद्यासाठी उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचे, म्हणजे पहिला पडदा दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून ३६.४८ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर ३२५ मिलिमीटरवर येतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे रागानुसार सरकवता येतात. गिटारीचे पडदे एकदा ठोकले की कायमचे, आणि सप्तकाचे बारा समान भाग पत्करावेच लागतात. अण्णांच्या कानाला तिसरा, म्हणजे गंधार, सारखा चढा लागत होता, आणि त्यांचा कान अचूक होता: समान विभागणीतला शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट (अशा बारा समान भागांपैकी एका भागाचे शंभर सेंट) चढाच असतो. घोडीवरच्या हाडाच्या पट्टीबद्दलही असाच संवाद झाला. सतारीच्या घोडीचा माथा रुंद असतो आणि तार त्याला हलकेच घासत राहते, त्यातून जवारी, म्हणजे सतारीचा घुमणारा झणकार, निघते. गिटारीत मात्र तारेने एकाच धारेवरून निघाले पाहिजे. “इथे जवारी काढायची नाही, बंद करायची,” असे म्हणत अण्णांनी कानशीने ती पट्टी मागच्या बाजूला उतरती केली.

पॉलिश लाखेचे केले. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या गोळीने थरावर थर चढवायचे, ही युरोपातील वाद्यांसाठी उत्तम मानली गेलेली पद्धत, आणि तिचा कच्चा माल शतकानुशतके भारतातून जात आला आहे. लाखेचा थर इतका पातळ बसतो की तबलीच्या हालचालीवर त्याचा भार जाणवत नाही. शिसवीचा रंग स्पिरिटमध्ये उतरतो, म्हणून तबलीसाठी वेगळी गोळी ठेवावी लागली, नाहीतर पांढरट स्प्रूसवर जांभळट डाग पडले असते. लाखेचे पॉलिश घामाने आणि उष्णतेने लवकर खराब होते हे खरे आहे, पण ते त्याच पद्धतीने पुन्हा चढवताही येते.

तयार गिटारीचे वजन दीड किलोच्या आत आहे आणि हातात घेतल्यावर ते लगेच जाणवते. तारा नायलॉनच्या, कमी ताणाच्या निवडल्या. तोरेस यांच्या काळी तात (जनावराच्या आतड्याची तार) वापरत असत; नायलॉन १९४० च्या दशकात न्यूयॉर्कचे आल्बर्ट ऑगस्टिन यांनी प्रचारात आणले. आवाजाविषयी लिहायचे तर या गिटारीचा मंद्र सूर खोल आणि उबदार आहे, वरच्या तारेवरचा सूर छेडल्याबरोबर पूर्ण उमटतो, आणि माझ्या बोटांनी कोन थोडा बदलला तरी स्वराचा रंग बदलतो. मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आजच्या जड, दुहेरी तबलीच्या गिटारींशी जोराच्या बाबतीत ती स्पर्धा करणार नाही. सुरसागराजवळच्या संगीत महाविद्यालयाच्या परिसरात किंवा आमच्या घराच्या दिवाणखान्यात पन्नासएक श्रोते बसले असताना मात्र तिची प्रत्येक छटा ऐकू येते, आणि तारेगा यांच्या पिढीचे बहुतेक वादन अशाच मोजक्या श्रोत्यांसमोर होत असे. त्या काळातील रचनांमधील हळुवार उतार-चढाव मला या वाद्यावर प्रथमच सहज काढता आले.

अण्णांनी आता दुसऱ्या गिटारीचे लाकूड काढून ठेवले आहे. या वेळी पाठ आणि बाजूही तुनाच्या करायच्या, म्हणजे वजन आणखी कमी होईल आणि तबलीखेरीज जवळजवळ सगळे लाकूड आपल्याकडचे असेल. शिसवीइतका तून घट्ट नसल्यामुळे बाजू किंचित जाड ठेवाव्या लागतील, आणि पाठीच्या आडव्या पट्ट्या तीन ठेवायच्या की चार, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. सोलेरा तोच वापरायचा आहे. तबलीचे दोन अर्ध जोडून झाले आहेत आणि ते सध्या घरातल्या सर्वांत कोरड्या खोलीत, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असे उभे ठेवले आहेत.